चेहऱ्यावरचे वय आणि शस्त्राची मर्यादा

वृद्ध व जर्जर झालेल्या च्यवन ऋषींना देवांचे वैद्य अश्विनीकुमार यांनी तारुण्य मिळवून दिले, ही महाभारतातील कथा सर्वपरिचित आहे. च्यवनप्राशाच्या बरणीमुळे ती निदान नावाने तरी घरोघर पोहोचली आहे. परंतु तिच्यातील एक तपशील सहसा ध्यानात घेतला जात नाही. सरोवरात बुडी घेऊन वर आले ते तिघेही, दोघे अश्विनीकुमार आणि तिसरे च्यवन, रूपाने अगदी एकसारखे होते. त्यांतला आपला पती कोणता, हे सुकन्येला ओळखून काढावे लागले. तारुण्य लाभले खरे. पण त्यासाठी ओळख पणाला लागली.

चेहरा आणि मान यांवरील सैल पडलेली त्वचा व तिच्याखालचे थर शस्त्रक्रियेने वर उचलून बसविण्याची जी विद्या आज 'फेसलिफ्ट' व 'नेकलिफ्ट' या नावांनी ओळखली जाते, तिच्यासमोरही मूलतः हाच प्रश्न आहे. एकेकाळी ही चैन चित्रपटतारका आणि धनिक यांच्यापुरती मर्यादित समजली जाई. आता तिच्या जाहिराती शिक्षकाच्या आणि कारकुनाच्या घरापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. जाहिरातीत दोन छायाचित्रे असतात, एक आधीचे आणि एक नंतरचे. या दोन छायाचित्रांच्या मध्ये जे घडते, त्याविषयी मात्र जाहिरात बहुधा मौन पाळते. ते मौन भरून काढणे आवश्यक आहे. कारण अपेक्षा आणि वस्तुस्थिती यांच्यातील अंतराची किंमत अखेर रुग्णालाच मोजावी लागते.

चेहरा सैल का पडतो?

वय झाले की त्वचेला सुरकुत्या पडतात, एवढेच सामान्यतः मानले जाते. ते अपुरे आहे. चेहऱ्याची रचना थराथरांची असते. वर त्वचा, तिच्याखाली मेदाचा थर, त्याखाली चेहऱ्यावरील भाव उमटविणाऱ्या स्नायूंना जोडणारे एक पातळ पण चिवट आवरण, आणि सर्वांत खाली हाडे. मानेत हेच आवरण प्लॅटिझ्मा नावाच्या रुंद व पातळ स्नायूशी एकजीव झालेले असते. वयोमानानुसार त्वचेतील कोलॅजेन व लवचीक तंतू घटतात, मेद काही ठिकाणी झिजतो, आधार देणारे बंध सैलावतात आणि जबड्याचे हाडही थोडेफार कमी होते. परिणामी गालाचा भार खाली उतरतो. नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी खोल होते, जबड्याची सरळ रेषा मोडते, आणि हनुवटीखाली प्लॅटिझ्माच्या कडा दोऱ्यांसारख्या उठून दिसू लागतात.

हे सर्व केवळ जन्मतारखेवर अवलंबून नसते. अमेरिकेत एकसारख्या जुळ्यांच्या १८६ जोड्यांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आनुवंशिक ठेवा एकच असूनही जुळ्यांपैकी एकाचा चेहरा दुसऱ्यापेक्षा अधिक वयस्क दिसावा, अशी उदाहरणे त्यात आढळली. आणि धूम्रपान व उन्हाचा मारा ही त्यामागची ठळक कारणे ठरली. तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्याने आधी हे जाणून घ्यावे, की सिगारेट सोडणे आणि भर उन्हात चेहरा झाकणे हे उपाय सुरीपेक्षा फार स्वस्त आहेत. ते गेलेले वय परत आणत नाहीत. पण येणाऱ्या वयाचा वेग कमी करतात.

त्वचेकडून खालच्या थराकडे

या शस्त्रक्रियेचा इतिहास शतकाहून थोडा अधिक आहे. बर्लिनचे शल्यविशारद ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ साली एका पोलिश उमराव स्त्रीच्या आग्रहावरून तिच्या कानाजवळची त्वचा कापून चेहरा ताणून दिला, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षे मुख्यतः हेच तंत्र चालले : त्वचा सोडवायची, ताणायची, जास्तीची कापायची आणि शिवायची. परंतु त्वचा ही मुळातच ताणली जाणारी वस्तू. तिच्यावर सगळा भार टाकला की ती काही काळाने पुन्हा सैल होई. व्रण रुंदावत आणि चेहरा वाऱ्याच्या झोताला तोंड देत असल्यासारखा ओढलेला दिसे. फेसलिफ्टविषयीचा जो उपहास आजही ऐकू येतो, त्याचे मूळ या काळात आहे.

१९७४ साली स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी त्वचा व तिच्याखालचा थर एकत्र उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ साली मित्झ व पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी त्या खालच्या आवरणाचे शरीररचनाशास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'स्मास' असे म्हणतात. १९९० साली अमेरिकेतील सॅम हॅम्रा यांनी याहून खोल थरातून जाणारी 'डीप प्लेन' पद्धत प्रसिद्ध केली. तपशिलात या पद्धती भिन्न असल्या, तरी त्यांच्यामागील तत्त्व एकच आहे. ताण खालच्या चिवट थराने सोसावा आणि त्वचा त्यावर अलगद पांघरली जावी. कोणती पद्धत श्रेष्ठ, याविषयी तज्ज्ञांत अद्याप एकमत नाही. शल्यविशारदाचा हात आणि अनुभव हे पद्धतीच्या नावापेक्षा अधिक महत्त्वाचे, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

काय साधते, काय साधत नाही

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत छेद कानशिलाच्या केसांतून किंवा केसांच्या कडेने सुरू होतो, कानाच्या पुढून उतरतो, पाळीला वळसा घालतो आणि कानामागून पुन्हा केसांत शिरतो. मानेसाठी हनुवटीच्या खाली आणखी एक लहान छेद घेतला जातो. त्यातून साठलेला मेद कमी करतात आणि प्लॅटिझ्माच्या सुटलेल्या कडा मध्यभागी एकमेकींना शिवतात. संपूर्ण भूल देऊन, किंवा गुंगीचे औषध व स्थानिक भूल यांच्या साहाय्याने हे काम होते. चेहरा व मान दोन्ही असतील तर तीन ते पाच तास सहज लागतात.

याने साधते ते असे : लोंबलेले गाल, मोडलेली जबड्याची रेषा आणि सैल मान यांत ठळक सुधारणा होते. नाकालगतची घडी काहीशी उथळ होते. नाहीशी होत नाही. कपाळावरच्या आठ्या, डोळ्यांखालच्या पिशव्या, ओठांभोवतीच्या बारीक रेषा, वांग आणि काळे डाग यांवर फेसलिफ्टचा काहीही परिणाम होत नाही. त्यांचे उपाय स्वतंत्र आहेत. मानेच्या बाबतीत तर निसर्गाने काही सीमा आधीच आखून ठेवलेल्या असतात. ज्याची हनुवटी जन्मतः मागे गेलेली आहे किंवा कंठातील हायॉइड नावाचे हाड खाली व पुढे आहे, त्याची मान कितीही कुशल शल्यविशारदाने हाताळली तरी चित्रातल्यासारखी रेखीव होत नाही. केवळ मेद साठला असेल आणि त्वचा घट्ट असेल, तर नुसता मेद काढून भागते. त्वचा सैल असेल तर तेवढ्याने मान अधिकच लोंबती दिसते. यास्तव एकीला लाभलेला उपाय दुसरीला लाभेलच असे नाही.

पहिले तीन आठवडे

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी फार कमी बोलले जाते. बहुधा एक रात्र रुग्णालयात काढावी लागते. डोक्याभोवती पट्टी असते. साठणारे रक्त वाहून जाण्यासाठी काही वेळा एक-दोन दिवस बारीक नळी ठेवलेली असते. वेदना अनेकांना वाटते त्यापेक्षा कमी असतात. कान आणि मान आवळून धरल्यासारखी भावना मात्र फार त्रासदायक असते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज कळसाला पोहोचते. डोके उंच ठेवून झोपावे लागते, वाकणे व जड उचलणे वर्ज्य असते. टाके साधारणतः पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान काढले जातात. काळेनिळे डाग दोन आठवड्यांत बरेचसे ओसरतात. कामावर रुजू व्हावयास दोन ते तीन आठवडे लागतात. शाळेतील शिक्षकाने हे काम दिवाळीच्या सुटीत उरकण्याचा बेत केला, तर सुटी पुरी पडण्याची शाश्वती नाही.

याच काळात मनाचीही एक परीक्षा असते. आरशात दिसणारा सुजलेला, डाव्या-उजव्या बाजूंनी असमान चेहरा पाहून 'हे आपण काय करून बसलो' असा विषाद अनेकांना पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात ग्रासतो. तो बहुतांशी तात्पुरता असतो. पण त्याची पूर्वकल्पना नसेल, आणि घरच्यांपासून शस्त्रक्रिया लपवून ठेवलेली असेल, तर तो एकट्याने सोसणे जड जाते. कानाभोवतीचा बधिरपणा काही आठवडे ते काही महिने टिकतो. चेहऱ्याचे खरे रूप दिसावयास सुमारे सहा महिने, आणि व्रण फिके पडावयास वर्षभर लागू शकते. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. दाढीची त्वचा वर सरकल्याने केस कानाच्या अगदी जवळ येतात, आणि काहींना कानामागेही वस्तरा फिरवावा लागतो.

धोक्यांची बाजू

सर्वांत अधिक आढळणारी गुंतागुंत म्हणजे त्वचेखाली रक्त साठणे. शंभरांतील काही रुग्णांत ती उद्भवते, बहुधा पहिल्या चोवीस तासांत. पुरुषांत आणि रक्तदाब अनियंत्रित असलेल्यांत तिचे प्रमाण अधिक असते. एकाच बाजूला वेगाने वाढणारी सूज व वेदना हे तिचे लक्षण. ते दिसताच सकाळची वाट न पाहता शल्यविशारदाला कळविले पाहिजे. कारण साठलेले रक्त वेळीच काढले नाही तर वरची त्वचा मरू शकते. म्हणूनच ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे आधी थांबवावी लागतात. परंतु ती हृदयविकारासाठी चालू असतील, तर ती थांबविण्याचा निर्णय रुग्णाने परस्पर घेता कामा नये.

दुसरा धोका चेहऱ्याच्या मज्जातंतूचा. कानाखालून निघून लाळग्रंथीतून जाणारा हा तंतू पाच मुख्य शाखांनी चेहऱ्यावर पसरतो. हसणे, डोळे मिटणे, भुवई उचलणे ही सारी कामे त्याच्या हाती असतात. त्याला कायमची इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आहे. तथापि ज्याच्या वाट्याला ती येते, त्याच्या दृष्टीने हे प्रमाण शंभर टक्के असते. कानाच्या पाळीला संवेदना देणारा तंतू दुखावण्याची शक्यता याहून अधिक असते.

तिसरा धोका धूम्रपान करणाऱ्यांचा. तंबाखूतील निकोटीन त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि उचललेल्या त्वचेचा कानाजवळचा भाग रक्ताअभावी काळा पडतो. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हा धोका धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे बारा पट आढळला. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर काही आठवडे तंबाखू संपूर्ण बंद हवी, हा दंडक त्यामुळेच आहे; आणि निकोटीन मिश्रीतही असते व गुटख्यातही, हे आपल्याकडे विशेष करून सांगावयास हवे. भारतीय वर्णाच्या त्वचेत व्रण जाड होण्याची आणि काळवंडण्याची प्रवृत्तीही अधिक असते. लसीचा किंवा कान टोचल्याचा व्रण ज्यांच्या अंगावर गाठीसारखा वाढला आहे, त्यांनी ही गोष्ट तज्ज्ञाला आवर्जून सांगावी.

किती वर्षांनी तरुण?

इतके सोसल्यावर पदरात काय पडते? एका अमेरिकी शल्यविशारदाने २०११ साली आपल्या रुग्णांची मते प्रसिद्ध केली. आपण सरासरी बारा वर्षांनी तरुण दिसू लागलो, असे त्यांचे म्हणणे होते. २०१३ साली टोरांटो येथील एका अभ्यासात हाच प्रश्न उलट बाजूने विचारला गेला. ४९ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वीची व नंतरची छायाचित्रे ५० अनोळखी व्यक्तींना दाखवून वयाचा अंदाज घेण्यात आला. तेव्हा फरक भरला सरासरी सुमारे तीन वर्षांचा. आणि आकर्षकतेच्या गुणांत तर लक्षणीय वाढ आढळलीच नाही.

दोन्ही अभ्यासांतील शस्त्रक्रिया व रुग्ण निराळे असल्याने त्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. तरीही त्यांतून निघणारा बोध महत्त्वाचा आहे. ही शस्त्रक्रिया मनुष्य मुख्यत्वे स्वतःच्या आरशासाठी करवून घेतो. आरशाचे समाधान होणे ही काही क्षुद्र गोष्ट नव्हे. परंतु जगाने आपल्याकडे नव्या नजरेने पाहावे, दुरावलेले माणूस परत यावे, अडलेली बढती मिळावी, अशा आशेने जो टेबलावर झोपतो, त्याला निराशेची तयारी ठेवावी लागेल. शिवाय मिळालेले रूप कायमचे नसते. परिणाम साधारणतः सात ते दहा वर्षे टिकतो असे मानले जाते. घड्याळाचे काटे मागे नेता येतात; घड्याळ थांबविता येत नाही.

गरज आणि हौस

हे सारे श्रीमंतांचे चोचले होत, असे म्हणून विषय संपविणे सोपे आहे. मात्र या विद्येचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही, आणि महाराष्ट्राचा इतिहास तर मुळीच देत नाही. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला वीट भाजणाऱ्या जातीतील एका कारागिराने पुण्याजवळ कपाळाच्या त्वचेचे नवे नाक करून दिले. त्याचा वृत्तांत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आला आणि युरोपातील शल्यविशारद जागे झाले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शाखेचा पाया घालणारे डॉ. नोशेर अंटिया यांनी आपली विद्या कुष्ठरुग्णांसाठी वाहिली. कुष्ठरोगाच्या एका प्रकारात जंतू चेहऱ्याच्या त्वचेतील लवचीक तंतू नष्ट करतात. रोग औषधाने बरा होतो. पण ऐन उमेदीतील माणसाची त्वचा वृद्धासारखी लोंबू लागते, आणि तो चेहराच त्याच्या जुन्या रोगाची दवंडी पिटत राहतो. अशा रुग्णांची सैल त्वचा उचलून बसविण्यासाठी जी शस्त्रक्रिया केली जाते, ती फेसलिफ्टच असते. सुरी तीच, टाके तेच. पण तिथे पणाला लागलेले असते ते गावात परत जाण्याचे, चार माणसांत बसण्याचे स्वातंत्र्य.

फ्रान्समध्ये स्यूझान नोएल या स्त्री-शल्यविशारदेने १९२६ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच या शस्त्रक्रियेच्या सामाजिक भूमिकेचा उल्लेख केला. पोटासाठी नोकरी करणाऱ्या स्त्रीला चेहऱ्यावरच्या वयामुळे काम नाकारले जाते, हे तिने जवळून पाहिले होते. स्त्रीचे वय चेहऱ्यावरून जोखणारा समाज आजही सरलेला नाही. केसांना कलप लावणाऱ्या पुरुषाने फेसलिफ्ट करविणाऱ्या स्त्रीला हसावे, हे न्यायाचे नाही.

सरकारी नियमांनी मात्र या दोहोंत स्पष्ट रेषा आखली आहे. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरच्या पुनर्रचनेला आरोग्यविमा मिळू शकतो. केवळ रूपासाठी केलेली शस्त्रक्रिया विम्यातून वगळलेली आहे, आणि तिला वस्तू व सेवा कराची सूटही नाही. लाखाच्या पुढे जाणारा हा खर्च त्यामुळे सर्वस्वी रुग्णाच्या खिशातून होतो. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या भविष्यनिर्वाह निधीतून तो करावा की नाही, याचा निवाडा दुसऱ्या कोणी करू नये. पण हप्त्यांनी पैसे फेडण्याच्या योजनेकडे पाहून तो होऊ नये, एवढे नक्की सांगता येईल.

निर्णयापूर्वी

काही प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला आहे. शल्यविशारदाजवळ प्लास्टिक सर्जरीची रीतसर पदव्युत्तर पदवी आहे काय? भूलतज्ज्ञ कोण? रात्री दोन वाजता रक्त साठले तर कोण येणार, आणि कोठे? अशा रुग्णांची एक वर्षानंतरची छायाचित्रे दाखविता येतील काय? कार्यशाळा किंवा चित्रफिती पाहून असे उपचार सुरू करणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला २०२२ साली बजावून सांगावे लागले, यावरून सावधगिरीची गरज किती आहे ते कळते.

शल्यविशारदाचेही एक कर्तव्य आहे. कोणत्या रुग्णाला 'नाही' म्हणावयाचे, हे समजणे या शाखेत टाके घालण्याइतकेच महत्त्वाचे मानले जाते. नुकताच जोडीदार गमावलेला, किंवा सर्व दुःखांचे मूळ आपल्या गालात आहे असे मानणारा मनुष्य समोर बसला, तर त्याला काही महिने थांबावयास सांगणे हाच उपचार होय. आणि जो सर्व जाणून घेऊन, शांत चित्ताने, आपल्या पैशाने आणि आपल्या समाधानासाठी हे पाऊल उचलतो, त्याला समाजाने उपहासाशिवाय जगू द्यावे.

तिघांतून च्यवनाला ओळखण्याचे काम सुकन्येने केले. ते तिला जमले, कारण ती त्यांना आधीपासून ओळखत होती. उत्तम फेसलिफ्टची कसोटी तज्ज्ञही काहीशी अशीच सांगतात : पाहणाऱ्याला माणूस ताजातवाना वाटावा, पण दुसराच वाटू नये. त्याहून अधिक काही शस्त्राकडून मागू नये.